अधिक ४५, उणे ८९

ठोकळे जोडून केलेली माझी पहिली गाडी मुलांनी शोकेसमध्ये नेऊन ठेवली. काचेमागे, आबांना सत्कारात मिळालेल्या पितळी बैलजोडीच्या शेजारी. घरात सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण शोकेससाठी मी ती केलीच नव्हती.

मी जळगावच्या एमआयडीसीत एका टूलरूममध्ये मोल्डचं डिझाइन करते. पाइपांचे एल्बो, टी, कपलर, ठिबकचे बारीक जोड, यांचे साचे. घरी आल्यावर पुन्हा प्लास्टिकच हातात, पण ते भाचरांच्या जोडठोकळ्यांचं. बहीण भुसावळला रेल्वे क्वार्टर्समध्ये राहते. तिची मोठी नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, रविवारी येणं-जाणं असतंच. तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायचं म्हणजे पिशव्या भरून, आठ-दहा दिवस राहायला यायचं. यंदाच्या आखाजीला त्यांच्यासाठी स्वतः रचलेला एक संच द्यायचा असं मी ठरवलं होतं. ध्रुवावर जाणारी संशोधनाची गाडी, तिची माणसं, त्यांचं सामान, आणि बघून जोडायची चित्रांची पुस्तिका.

ध्रुवाचा विषय धाकट्याचा. मागच्या मे महिन्यात कूलरच्या जाळीला नाक लावून बसला होता आणि त्याने विचारलं, ‘‘मावशी, जगात सगळ्यात गार कुठंय?’’ अंटार्क्टिकात व्होस्तोक नावाचं ठाणं आहे, तिथे २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ अंश मोजले होते, हे मी त्याला सांगितलं. बाहेर त्या दिवशी ४५ होतं. मोठीने पाटीवर बेरीज केली: इथून तिथपर्यंत १३४ अंश. हा आकडा दोघांना इतका आवडला की पुढचे चार दिवस घरात प्रत्येक गोष्ट १३४ होती, पोळ्यासुद्धा.

मग मी वाचायला लागले. पहिल्या गाडीचा नमुना म्हणून १९५५ ते ५८ या काळातल्या मोहिमेतली स्नो-कॅट घेतली. व्हिव्हियन फुक्स यांच्या तुकडीने अंटार्क्टिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडला. ९९ दिवस, सुमारे ३,४७० किलोमीटर. नारिंगी रंगाची गाडी, आणि चार चाकांच्या जागी चार वेगवेगळे पट्टे, प्रत्येक आपापल्या जागी वरखाली डुलणारा. पट्टा कशाला हे खान्देशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मृगाचा पाऊस पडल्यावर काळ्या जमिनीत ट्रॅक्टरचं चाक कसं रुततं ते आम्ही लहानपणापासून बघतो. मऊ जमीन असो की मऊ बर्फ, वजन पसरवलं तरच गाडी वर राहते.

कॉम्प्युटरवर ठोकळे जोडायचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात मी ४१२ तुकड्यांची स्नो-कॅट केली. खिडक्यांचे कोन, दिवे, बॉनेटची जाळी, मागचा हुक, फोटोत दिसेल ते सगळं. होळीच्या सुट्टीत मुलांनी ती तीन तासांत जोडली. ‘‘भारी!’’ म्हणाली. आणि मग मोठीने तिचे ते मोठे डोळे वर करून मला विचारलं, ‘‘मावशी, आता ह्याच्यात मी काय करू?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅबिन बंद होती. छत काढायचं तर अर्धी गाडी सुटायची. आत माणूस बसायचा, पण एकदा बसला की बसला. चालवायची म्हटलं तर पट्टे फरशीवर नुसते घसरायचे. मी यंत्राचं चित्र काढलं होतं आणि मुलांना हवी होती मोहीम.

दुसऱ्या दिवशी शोकेसमधून काढून मी ती पूर्ण सुटी केली. तुकडे ताटात ओतले आणि मापांपासून पुन्हा सुरुवात केली.

ही मापं मला फार आवडतात, म्हणून थोडं सांगतेच. ठोकळ्यावर जी गोल उंचवटी असते, मुलं तिला बटण म्हणतात, तिचा व्यास ४.८ मिलिमीटर. एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याचा मध्य ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६, पातळ प्लेटची ३.२, म्हणजे तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. या चार आकड्यांवर सगळं जग उभं आहे. आमच्या पाइपाच्या जोडात सॉल्व्हंट सिमेंट लावतात, थोडं ढिलं असेल तर ते भरून निघतं. इथे चिकटवायला काहीच नाही, पकड निव्वळ मापावर. बटण किंचित जाड झालं की मुलाला दाताने काढावं लागतं, किंचित बारीक झालं की छत आपोआप गळून पडतं. म्हणून लेगोचे साचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आत धरतात. साचा करणाऱ्या माणसाला त्या आकड्यामागची मेहनत दिसते. माझ्या ताटात तीन-चार ब्रँडचे ठोकळे मिसळलेले होते, आणि एकाच रंगाचे दोन तुकडे हाताला वेगळे लागायचे. शेवटी मी ओझं पेलणाऱ्या जागी घट्ट पकडीचे आणि मुलांनी सारखं उघडायच्या जागी सैल पकडीचे, असे निवडून दोन डब्यांत ठेवले. सॉफ्टवेअरमध्ये हा फरक दिसत नाही. तिथे सगळे तुकडे सारखेच घट्ट आणि गुरुत्वाकर्षण जवळजवळ सुट्टीवर.

दुसरं माप मुलांच्या बोटांचं. खेळण्यातला माणूस साधारण चार ठोकळ्यांइतका उंच, म्हणजे चार सेंटिमीटर. त्याच्या मापाने दार केलं तर माणूस आत जातो, पण त्याला धरलेली बोटं जात नाहीत. धाकट्याला अंगठा आणि तर्जनी पेन्सिलच्या डब्यात घालायला लावली, पट्टीने मोजलं. चार बटणांपेक्षा अरुंद जागेत त्याचा हात अडकत होता. मग गाडीची रुंदी सहावरून आठ बटणं केली. भिंतींना एक-एक गेलं की आत सहा उरतात, म्हणजे जवळपास पाच सेंटिमीटर मोकळी जागा. छत फक्त चार बटणांवर टेकवलं, एका बोटाने उचललं की अख्खं हातात यावं असं. बाजूची एक भिंत कपाटाच्या दारासारखी उघडणारी केली. गाडी स्नो-कॅटसारखी दिसेनाशी झाली. मला वाईट वाटलं, पण मी ते दार ठेवलं.

मागचा भाग मला गाडीपासून सुटा हवा होता, आणि त्याची कल्पना अंटार्क्टिकातल्या आपल्या भारती या संशोधन केंद्रावरून आली. भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. पुढे दक्षिण गंगोत्री, ती बर्फाखाली जायला लागल्यावर मैत्री, आणि २०१२ मध्ये भारती. हे भारती केंद्र मालवाहू कंटेनर जोडून उभं केलंय. किती कंटेनर? १३४. मी हे वाचून मोठीला फोन केला तेव्हा ती पलीकडून किंचाळलीच.

तेव्हा आमच्या गाडीमागेही कंटेनर. सहा बाय आठ बटणांचे तीन खोके: एक प्रयोगशाळा, एक स्वयंपाकघर, एक झोपायची खोली. प्रत्येक खोका घसरगाडीवर ठेवायचा, हवा तेव्हा सरकवून उतरवायचा, एकमेकांवर रचला की केंद्र तयार. मैत्रीहून निघणाऱ्या गाड्याही अशाच मागे घसरगाड्यांवर डबे आणि इंधन ओढत तांड्याने जातात. भुसावळच्या पोराला यात काही नवीन नव्हतं. ‘‘मालगाडी!’’ तो म्हणाला, आणि जोडायचा हुक तपासून बघत त्याने लगेच दोष काढला. वळणावर मागचा डबा पुढच्याला ठोकत होता. हुकाचा दांडा दोन बटणांनी लांबवला तेव्हा त्याचं समाधान झालं.

घसरगाडीच्या पुढे वळलेल्या पट्ट्या मात्र माझ्याकडे नव्हत्या. ओळखीतल्या एकाकडे थ्री-डी प्रिंटर आहे, त्याच्याकडून आठ पट्ट्या छापून घेतल्या. पीएलए प्लास्टिकच्या, पांढऱ्याशुभ्र, अगदी हव्या तशा. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. पट्ट्या स्कूटीच्या डिकीत टाकल्या, वाटेत बँकेचं काम केलं, आईची औषधं घेतली, दाणाबाजारातून बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी घेतली. दोन-अडीच तासांनी घरी येऊन डिकी उघडली तर आठही पट्ट्या वाळत घातलेल्या बिबड्यांसारख्या वाकड्या. पीएलए साठ अंशाच्या आसपास मऊ पडतं हे मला पाठ आहे. प्लास्टिकच्या दाण्यातच माझा दिवस जातो. पण उन्हात उभ्या केलेल्या काळ्या स्कूटीच्या डिकीत साठ अंश होतात, हा हिशेब मी केला नव्हता. ध्रुवावरच्या गाडीचे पाय जळगावच्या उन्हाने वाकवले. मी ते हातात घेऊन पायरीवर बराच वेळ बसून राहिले.

पुन्हा छापून घेता आले असते, दुसऱ्या प्लास्टिकमध्ये. पण त्या पायरीवर बसल्याबसल्याच मी ठरवलं की संचात खास तुकडा एकही नको. एखादी पट्टी हरवली तर मुलांनी काय मावशीच्या ओळखीचा प्रिंटर शोधायचा? पुढे उताराचे दोन ठोकळे उलटे लावले, मागे पातळ प्लेट, खाली गुळगुळीत टाइल. दिसायला जाडजूड, पण घसरतात झकास, आणि हरवलं तर कुठल्याही डब्यात सापडेल.

गाडीखालच्या पट्ट्यांच्या घसरण्यावर मी एक आठवडा घालवला. मधल्या काळात चिडून पट्टेच काढून टाकले आणि मोठी चाकं लावली होती. त्याबाबतीत माझ्याआधी चुकलेले लोक भेटले. १९३९ मध्ये अमेरिकेने अंटार्क्टिकात स्नो क्रूझर नावाची अवाढव्य गाडी नेली होती. सतरा मीटर लांब, आत झोपायची सोय, प्रयोगशाळा, छतावर विमान ठेवायची जागा. चाकं दहा फूट उंच, आणि त्यांच्या टायरवर नक्षीच नाही, गुळगुळीत. बर्फावर उतरताच ती जागेवर फिरायला लागली. उलटी चालवली तर बरी चालते असं त्यांच्या लक्षात आलं, आणि तिचा सगळ्यात लांबचा प्रवास, १४८ किलोमीटर, तिने मागे मागे जात केला. हे वाचून मी माझी चाकंवाली गाडी फरशीवर ठेवली, ढकलली, आणि चाकं न फिरता ती सरळ सरकत गेली. मी पट्ट्यांकडे परत आले. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंदीची कडी कापली आणि पट्ट्याच्या दाताळ्यांवर ताणून बसवली. आता फरशीवर गाडी ढकलली की पट्टा खरोखर फिरतो, खर्र असा आवाज करत. खेळण्यात आवाज फार महत्त्वाचा. माझं तेवढंच स्वतःचं संशोधन आहे.

आखाजीच्या दोन दिवस आधी बहीण आली. अंगणात कडुनिंबाला झोका बांधला, आत सांजोऱ्यांचा वास, माळवदावर आईच्या कुरडया. मी खोका मुलांच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतःला एकच अट घातली: मदत करायची नाही, फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं.

एकतिसाव्या पायरीला मोठी अडली. दहा मिनिटं तुकडा फिरवत बसली. चूक माझी होती. तिसाव्या चित्रात गाडी डावीकडे तोंड करून होती, एकतिसाव्यात मी ती उजवीकडे वळवली आणि वळवल्याचा बाणच काढला नाही. आणखी एका ठिकाणी काळ्यावर काळा तुकडा होता, चित्रात दिसतच नव्हता. तो मी नंतर राखाडी केला. शेजारच्या घराचं बांधकाम चालू आहे, तिथले गवंडीकाका पाणी प्यायला आले होते. त्यांनी उभ्याउभ्या भिंत बघितली आणि बोट ठेवलं, ‘‘ताई, इथं सांध्यावर सांधा आलाय. चिरेल.’’ त्याच रात्री गाडी ओट्यावरून पडली आणि नेमकी तिथेच दुभंगली. ती भिंत मी दुसऱ्या दिवशी सांधा मोडून रचली.

आता खरं जे सांगायचंय ते बोअरचं.

प्रयोगशाळेच्या खोक्याशेजारी मी बर्फात भोक पाडायचं यंत्र ठेवलं होतं. उभी चौकट, वर गुंडाळी, दोऱ्याला लटकलेली नळी. खाली पारदर्शक निळ्या गोल तुकड्यांची एकावर एक रास, म्हणजे बर्फाचा गाभा. ही माझी सगळ्यात लाडकी जागा. अंटार्क्टिकात डोम सी नावाच्या ठिकाणी युरोपातल्या शास्त्रज्ञांनी असं खणत खणत २००४ च्या अखेरीस ३,२७० मीटरपर्यंत नळी नेली. वर आलेल्या बर्फात आठ लाख वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे अडकलेले आहेत. बर्फ पडतो, त्यावर पुढच्या वर्षीचा पडतो, मधली हवा कोंडली जाते. मी म्हटलं, मुलांना हे उलगडून सांगू, काय चेहरे होतील!

धाकट्याने यंत्र बघितलं आणि एका क्षणात ओळखलं. ‘‘बोअरची गाडी!’’

आमच्याकडे बोअरची गाडी येणं म्हणजे काय हे रावेर-यावलकडच्या कोणालाही विचारा. केळीला पाणी कमी पडलं, विहीर आटली, कर्ज काढलं, की ती गाडी येते. रात्रभर दगड फुटतो, अख्खी गल्ली जागी. पोरं पांढऱ्या धुळीने माखतात. सगळ्यांचे डोळे त्या भोकाकडे, आणि माणसं एकमेकांना फक्त एकच विचारतात. आबांच्या शेतात मागच्या वर्षी दोन बोअर कोरडे गेले तेव्हा धाकटा तिथे होता.

तर मुलांनी खेळ सुरू केला तो असा. पेंग्विन हातात नारळ घेऊन पुढे चालला. पेंग्विन म्हणजे पाणाडी, जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा. नारळ म्हणजे तपकिरी गोल तुकडा, मोठीने दुसऱ्या डब्यातून शोधून आणलेला. नारळ जिथे उभा राहिला तिथे गाडी थांबली. पूजा झाली. नारळ फुटला, प्रसाद वाटला. मग धाकटा तोंडाने घर्रर्र करत नळी खाली सोडायला लागला. ‘‘शंभर फूट. दोनशे फूट. दगड लागला. तीनशे.’’ मोठी कपाळाला हात लावून बसली होती, हुबेहूब आबांसारखी. मला राहवलं नाही, अट मोडून मी म्हणाले, ‘‘खऱ्या जागेवर सुमारे दहा हजार सातशे फूट गेले होते.’’

धाकटा थांबला. त्याचा चेहरा गंभीर झाला. ‘‘मग पाणी लागलं?’’

मी सांगितलं की वरपासून खालपर्यंत सगळं पाणीच होतं, गोठलेलं. त्याने खाली निळ्या राशीकडे बघितलं. मग त्याने एकेक गोल तुकडा नळीने वर काढला आणि ताईच्या हातावर ठेवत गेला, आणि प्रत्येक तुकड्याला दोघं मिळून ओरडत होती, ‘‘पाणी लागलं! पाणी लागलं!’’ ओट्यावर बसलेल्या आबांनी मान दुसरीकडे फिरवली.

आठ लाख वर्षांचे बुडबुडे मी त्या दिवशी सांगितले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोठीने स्वतःच विचारलं की खालचं पाणी किती जुनं, तेव्हा सांगितले. त्या रात्री मी तुकड्यांच्या यादीत एक ओळ वाढवली: तपकिरी गोल, एक. नारळ असं लिहिलं नाही, नुसता तुकडा ठेवला. दुसऱ्या घरात तो बॉल होईल, बटाटा होईल.

प्राण्यांवरून दोघांचं भांडण झालं ते थोडक्यात. धाकट्याला पांढरं अस्वल हवं होतं. मोठीने सांगितलं की अस्वल उत्तर ध्रुवाकडे आणि पेंग्विन दक्षिणेला, दोघांची भेट होत नाही. मग त्याला कुत्रा हवा होता. अंटार्क्टिकात १९९४ पासून कुत्रे न्यायला बंदी आहे, तिथल्या सील वगैरेंना रोग लागू नये म्हणून. संचात मी कुत्रा ठेवला नाही. धाकट्याने आपल्या खिशातला ठेवला, आणि मी काही बोलले नाही.

आबांना गाडीत रस वाटायला दुसरंच कारण मिळालं. फुक्स यांच्यासाठी पलीकडच्या किनाऱ्याकडून सामानाचे साठे उभे करत एडमंड हिलरी येत होते, एव्हरेस्टवाले. त्यांच्याकडे स्नो-कॅट नव्हत्या. ते फर्ग्युसनच्या साध्या शेतीच्या ट्रॅक्टरांना पट्टे चढवून, चालकाभोवती कापडाचा आडोसा करून निघाले आणि ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचले, फुक्स यांच्याही पंधरा दिवस आधी. मोटारगाडीने ध्रुवावर पोचलेले ते पहिले. हे मी जेवताना सांगितलं आणि आबांनी रसाची वाटी खाली ठेवली. आमचा मॅसी फर्ग्युसन वीस वर्षांहून जुना आहे, आबा त्याला घरातला माणूस समजतात.

‘‘आपला मॅसी तठे गया व्हता?’’

आपला नाही, पण त्याच घराण्यातला, मी म्हटलं. त्याच महिन्याच्या २८ तारखेला डेन्मार्कमध्ये लेगोने या ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज केला, हेही सांगितलं. ट्रॅक्टर ध्रुवावर आणि ठोकळा कागदावर, एकाच जानेवारीत. पण आबांचं लक्ष ट्रॅक्टरमध्येच होतं. बर्फात भेगा असतील ना, त्यांनी विचारलं. असतात, वरून बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो, दिसत नाहीत. मग ट्रॅक्टर आत गेला तर? हिलरींनी ट्रॅक्टर एकमेकांना दोरांनी बांधले होते, एक खचला तर बाकीच्यांनी धरावं म्हणून. आबा बराच वेळ मान हलवत राहिले. ‘‘बैलं अशीच बांधतस,’’ एवढंच म्हणाले. संध्याकाळी त्यांनी स्वतः लाल ठोकळे निवडून मुलांकडून एक छोटा ट्रॅक्टर करून घेतला. हिलरींचेही बर्फात दिसावेत म्हणून लाल रंगवलेले होते. ट्रॅक्टर संचात नव्हता, आता आहे. ५८ तुकडे. आणि दोन हात लांबीचा जाड दोरा, दोन्ही टोकांना हुक.

आखाजीच्या दिवशी दुपारी भाऊजी आइसक्रीमच्या पॉटसाठी बर्फाची पाव लादी घेऊन आले, गोणपाटात गुंडाळलेली, त्यावर भुसा. आईने अर्धी फोडली. उरलेला तुकडा, चांगला हातभर लांब, मुलांनी मागून घेतला आणि पितळी परातीत ठेवून ओसरीवर आणला. गल्लीतली पाच-सहा पोरं गोळा झाली. बाहेर ऊन असं की समोरची भिंत हलताना दिसत होती.

खऱ्या बर्फावर माझी गाडी पहिल्यांदाच चढत होती. वर वितळलेल्या पाण्याचा थर, त्यावर सायकलचं रबर टिकेना. गाडी आडवी घसरून परातीच्या काठावर आदळली. मी वहीत लिहायला लागले तोवर आबा उठले, खुंटीवरची सुतळी काढली आणि पट्ट्यांभोवती सैल वेढे दिले. चिखलात चाकाला साखळी बांधतात तसे. सुतळीचे तंतू ओले होऊन बर्फाला धरायला लागले. गाडी चढली. मागे तीन खोके, आणि सगळ्यात मागे दोऱ्याने बांधलेला लाल ट्रॅक्टर.

आणि तेवढ्यात लादी तडकली. कट्ट असा स्वच्छ आवाज झाला आणि मधोमध एक बारीक पांढरी रेघ वरपासून खालपर्यंत गेली. कोणी काही केलं नव्हतं, उन्हाच्या झळीने आपोआप. पोरं श्वास रोखून बघत होती. रेघ रुंदावली, एक बाजू कलली, आणि गाडी पुढच्या पट्ट्यांसकट भेगेत गेली. छत उडालं. माणूस पाण्यात पडला. पण मागचा खोका लाल ट्रॅक्टरला बांधलेला होता आणि धाकट्याने ट्रॅक्टर दोन्ही हातांनी दाबून धरला होता. दोरा ताणला. गाडी लटकली, थेंब थेंब गळत.

‘‘सोडू नको!’’ मोठी ओरडली.

‘‘नाही सोडत,’’ तो म्हणाला, आणि मान वर न करता गल्लीतल्या पोरांना सांगायला लागला की कोणी बोअरची चौकट आणा, तिला गुंडाळी आहे, आणि कोणी खाली पडलेल्या काकांना बाहेर काढा, त्यांना थंडी वाजतेय.